आठ दिवस अम्मींविना स्वयंपाकघर

ऑक्टोबरमध्ये सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या अम्मींच्या, उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. डॉक्टरांनी बजावले होते की वाकायचे नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही आणि आठवडाभर धूर-फोडणीपासून लांब राहायचे. नेमके त्याच आठवड्यात माझ्या शाळेचे सहामाही पेपर होते. लग्नाला सतरा वर्षे झाली, तरी भाकरी आणि मासे ही खाती मी कधी हातात घेतलीच नव्हती. अम्मींनी घेऊ दिली नव्हती, असे मी सांगत आले. खरे म्हणजे मलाही ते सोयीचे होते.

पहिल्याच रात्री तांदळाच्या भाकऱ्या परातीतच फाटल्या. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडलेल्या अम्मींनी नुसत्या थापण्याच्या आवाजावरून विचारले, "अगो, पाणी नीट उकळलं नव्हतं ना?" नव्हतेच. गव्हाच्या पिठात असतो तो चिवटपणा तांदळाच्या पिठात नसतो. उकळत्या पाण्याने पीठ फुलते, चिकट होते, तेव्हाच भाकरी धरते. अब्बांनी ते तुकडे मसुरीच्या आमटीत कुस्करून खाल्ले आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

बुधवारी ह्यांनी सकाळी आठला डझनभर बांगडे आणले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि ऑफिसला गेले. मी शाळेतून पाचला परतले तेव्हा ती तशीच होती. अम्मी म्हणाल्या, मीठ-हळद लावून तळ, अन्न टाकणे गुनाह आहे. मी टाकले. बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते. ते तळून-शिजवून जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर लाल चट्टे उठतात. अम्मी त्या रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत. आम्ही अंड्याचे सालन खाल्ले. ते मात्र छान झाले होते.

पण खरी चूक गुरुवारची. पेपर संपल्यावर एक वाजता येऊन दुधी-चणाडाळ केली. डाळ भिजवलेली नव्हती, आणि घाईत आमसुले सुरुवातीलाच कुकरमध्ये टाकली. आंबटात डाळ शिजत नाही, ती आधी मऊ करून मगच आंबट घालायचे. आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणे कडकच. इकडे अब्बांनी रोजच्याप्रमाणे एकला अम्मींना साखरेची गोळी देऊन टाकली होती. अडीचच्या सुमारास लेक ओरडली, "दादी बघा कशा करतायत!" अम्मींचे हात थरथरत होते, ओढणी घामाने ओली, आणि मी कोण हे त्यांना क्षणभर उमगेना.

साखर उतरली होती. शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत नजर स्थिर झाली. मग दूध आणि दोन बिस्किटे दिली. यंत्रावर तपासले तेव्हा आकडा ९० होता. त्याआधी किती होता, हे मोजायचे सुचलेच नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताट समोर आल्याशिवाय गोळी द्यायची नाही.

माझे रडू थांबेना. अम्मीच म्हणाल्या, "सतरा वर्षं चमचा हातातून सोडला नाही मी. तू कुठून शिकणार?"

शुक्रवारी सकाळी सातलाच डबाभर खिचडी आणि कोशिंबीर करून ठेवली. अम्मींच्या गोळ्यांची डबी आता ताटाच्या कपाटात असते. जुम्याच्या नमाजहून पुरुष परतेपर्यंत अम्मी जेवूनही झाल्या होत्या.

रविवारी त्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. पाणी खळखळ उकळू दिले, मीठ टाकले, पीठ घातले, झाकण ठेवले. सहापैकी चार भाकऱ्या फुगल्या. न फुगलेल्या दोन मी माझ्यासाठी बाजूला ठेवत होते, तर अब्बांनी ताट पुढे केले.