फोटोतली ओपाला

ब्राझीलमधल्या अनेक घरांच्या जुन्या फोटोंत एक मोटार हमखास दिसते. मुले बॉनेटला टेकून उभी, मागे आईवडील. फोटोमागे तारीख लिहिलेली नसते आणि सांगणारी वडीलधारी माणसे हयात नसतात. अशा वेळी गाडीवरूनच साल ओळखावे लागते. त्या गाडीचे नाव शेव्हरोलेट ओपाला.

नोव्हेंबर १९६८ मध्ये साओ पाउलोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. जनरल मोटर्सने ब्राझीलमध्ये तयार केलेली ही पहिली प्रवासी मोटार. तिचा सांगाडा जर्मनीच्या ओपेल रेकॉर्डवर बेतलेला होता. इंजिने मात्र अमेरिकन शेव्हरोलेटची. सुरुवातीच्या गाड्यांत पुढेही सलग बाक आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे सहा जणांचे कुटुंब आरामात मावत असे.

आता साल कसे ओळखावे? आधी दिवे पाहा. सेदानच्या मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल दिवे दिसले, तर गाडी १९७५ ते १९७९ या काळातली. पुढचे दिवे चौकोनी असतील, तर १९८० किंवा त्यानंतरची. मागचा भाग लांब, सामानाला भरपूर जागा, पण बाजूंना दोनच दारे असतील, तर ती १९७५ साली आलेली कारावान.

इंजिनाची ओळख बॉनेट उघडल्यावर पटते. स्पार्क प्लग मोजा. चार असतील, तर इंजिन २.५ लिटरचे, आणि त्याच्या पुढे बरीच जागा मोकळी दिसते. सहा असतील, तर ती जागा इंजिनानेच भरलेली असते. सहा सिलिंडरचे इंजिन आधी ३.८ लिटरचे होते. १९७१ मध्ये ४.१ लिटरचे आले. चार की सहा, हा प्रश्न घरखर्चाचाही होता. सहाची ताकद मोठी, तशी भूकही मोठी.

१९७३ साली जगभर तेल महागले. ब्राझील बहुतेक तेल बाहेरून आणत होता. म्हणून १९७५ मध्ये सरकारने उसापासून इंधन काढण्याची मोठी योजना हाती घेतली. पुढे ओपालाही अल्कोहोलवर चालू लागली. गारठ्याच्या सकाळी असे इंजिन सहज सुरू होत नसे. त्यासाठी पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी असे. लोकांनी विश्वासाने अशा गाड्या घेतल्या. पण १९८९ मध्ये अल्कोहोलचाच तुटवडा पडला आणि पंपांवर रांगा लागल्या. दारात गाडी उभी, पण टाकीत घालायला काही नाही, ही अडचण अनेक कुटुंबांनी सोसली.

१६ एप्रिल १९९२ रोजी साओ काएतानो दो सुलच्या कारखान्यातून शेवटची ओपाला बाहेर पडली. तोवर सुमारे दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या. सहा सिलिंडरचे इंजिन मात्र थांबले नाही. तिच्या जागी आलेल्या ओमेगातही पुढे ते सुधारून बसवले गेले.

दिव्यांवरून साल कळते, प्लगवरून इंजिन कळते. पण बॉनेटला टेकलेली ती मुले कोण, हे गाडी सांगू शकत नाही. आपल्या घरातले जुने फोटो आज बाहेर काढा, दादा-दादी, नाना-नानींजवळ बसा आणि प्रत्येक फोटोमागे नावे व साल लिहून ठेवा. विचारायला माणसे आहेत, तोवरच हे होईल.