खर्जाच्याही खालचे स्वर

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. २०२३ सालच्या दिवाळीनंतर एके संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी नवे वाद्य मांडीवर घेऊन बसलो होतो. पाच-सात मिनिटे त्यांनी स्वस्थपणे ऐकून घेतले आणि मग अत्यंत सौजन्याने विचारले, "छान आहे हो, पण गाणे केव्हा सुरू होणार?"

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बेस गिटार एकटीच ऐकणे म्हणजे घर पाहावयास बोलावून यजमानाने नुसता पाया दाखविण्यासारखे आहे. श्रोतेहो, या पायासाठी मी एकोणचाळीस वर्षे थांबलो, आणि त्यावर जी रक्कम मोजली तीत एखादी उत्तम मोटारसायकल दाराशी येऊन उभी राहिली असती. ती कशापायी मोजली, हे मला त्या सद्गृहस्थांना त्या दिवशी नीट सांगता आले नाही. ते आज सांगून पाहतो.

मिरज आम्हा बेळगावकरांना परकी नाही. तेव्हा तानपुऱ्यापासूनच आरंभ करू. तानपुऱ्याची शेवटची, पितळेची तार म्हणजे खर्ज. ती बोलली म्हणजे गायकाला बसावयास जागा मिळते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात हा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपने करतो. बेस गिटारलाही चारच तारा. पण तिची सर्वांत जाड तार सुमारे ४१ कंपनांवर लावतात, म्हणजे त्या खर्जाच्याही खाली पाऊण सप्तक. पुढची प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमात. माणसाच्या कानाची खालची सीमा वीस कंपनांच्या आसपास आहे. यावरून हे वाद्य कोणत्या तळघरात राहते याची कल्पना यावी. आणि गंमत अशी की, लहानशा ट्रान्झिस्टरच्या कर्ण्यातून इतका खालचा स्वर बाहेर पडूच शकत नाही, तरी तो आपण ऐकतो! तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. त्या उपस्वरांवरून आपला मेंदू गैरहजर असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

हे काम पूर्वी डबल बेस नावाचे, माणसाहून उंच असे उभे वाद्य करीत असे. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून निघालेल्या कित्येक गोवेकर वादकांनी मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत अशी पाश्चात्य वाद्ये वाजविली. परंतु ड्रम आणि विजेवर चालणारी गिटार यांच्या गदारोळात डबल बेसचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे स्वर नेमका लागणे सर्वस्वी वादकाच्या कानावर अवलंबून. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात आडवी धरावयाची, पडद्यांची विद्युत् बेस तयार केली होती. पण ती फारशी पसरली नाही. ती पसरविली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. पडद्यांमुळे स्वर अचूक येतो म्हणून त्यांनी वाद्याचे नाव ठेवले 'प्रिसिजन'. १९६० साली त्यांच्याच कारखान्यातून 'जॅझ बेस' आली : दांडी वरच्या टोकाला अधिक निमुळती, आणि तारांखाली एकाऐवजी दोन चुंबकी ग्राहक. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तोच पुढे मोठा करून कर्ण्यातून ऐकावयाचा.

ही जॅझ बेस मी प्रथम पाहिली १९८४ साली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि गणेशोत्सवातील एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवीत होतो. माझे वाद्य कलकत्त्याच्या बनावटीचे, जुन्या बाजारातून घेतलेले. एका लग्नसमारंभासाठी मडगावचा बँड बेळगावी आला होता. त्यातील वयस्कर बेसवादकापाशी खरी अमेरिकन जॅझ बेस होती. त्याच्या तारवटी भावाने जहाजावरून आणलेली. जेवणाची पंगत चालू असताना त्यांनी ती दहा मिनिटे माझ्या हाती दिली. मी सवयीप्रमाणे बोट दाबले. मास्तर हसले नि म्हणाले, "बाळा, इतके दाबू नकोस. नुसते टेकव."

मी टेकविले, आणि स्वर आला. त्या दहा मिनिटांत मी काय वाजविले ते आज आठवत नाही. मात्र बोटाखालचा तो हलकेपणा अजून आठवतो. त्याचे कारण समजावयास मला पुढे बरीच वर्षे लागली, आणि माझ्या मते महागड्या वाद्याच्या किमतीचे खरे उत्तर तेथेच आहे.

जाड तार छेडली की ती बारीक तारेपेक्षा कितीतरी अधिक रुंद हेलकावते. तिला हेलकाव्यास जागा हवी. म्हणून ती पडद्यांपासून उंच ठेवावी लागते. उंच ठेवली की दाबावयास जोर लागतो, आणि दाबताना ती ताणली जाऊन स्वरही थोडा चढतो. तार खाली आणावी, तर वीस पडद्यांपैकी एखादा जरी केसभर वर आलेला असेल तरी ती त्यावर आपटून करकरते. सितारिया जवारी काढताना घोडी जशी तासून तासून पाहतो, तशीच चिकाटी येथे प्रत्येक पडद्यापाशी लागते. शिवाय दांडी सरळ राहिली पाहिजे, आणि चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो! हा भार सोसण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते; ती पिळून दांडीची बाक कमी-अधिक करता येते. लाकूड नीट मुरलेले नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात सगळे बिघडते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते मुख्यतः लाकडाच्या मुरण्यासाठी आणि कोणाच्या तरी हाताने केलेल्या त्या केसभर घासकामासाठी. आवाजाचा भाग त्यानंतर येतो.

माझ्या कलकत्त्याच्या वाद्यात हे काहीच नव्हते. बाराव्या पडद्यापाशी तारेखालून पेन्सिल सहज सरकली असती. त्यावर मी लग्ने वाजविली, गणपती वाजविले, बँकेच्या स्नेहसंमेलनांत वाजविले. परदेशी वाद्ये येथे सुखासुखी मिळण्याचे ते दिवस नव्हते. आणि १९९१ नंतर ती मिळू लागली तेव्हा घराचे हप्ते होते, मुलांची शिक्षणे होती. दुकानाच्या काचेतून पाहून परत येणे हा माझ्या पुणे-मुंबईच्या प्रत्येक फेरीतील एक ठरलेला कार्यक्रम झाला.

२०२२ साली माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. डॉक्टरांनी झिजेचे निदान केले आणि वाजविणे बंद करा, निदान दाब कमी करा, असे सांगितले. दाब कमी करणे माझ्या वाद्यावर शक्यच नव्हते. तेव्हा अडतीस वर्षांपूर्वीचे मास्तरांचे शब्द आठवले, आणि आजवर जी केवळ हौस वाटत होती तिला एकाएकी मुदत पडली. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. हाती आलेल्या रकमेतून वरच्या मजल्याची गळती काढावयाची ठरली होती. मी पत्नीपाशी विषय काढला, तोही चाचरतच. ती म्हणाली, "गळतीचे पुढच्या उन्हाळ्यात बघू. आधी हाताचे बघा."

वाद्य आले त्या दिवशी मी ते तासभर वाजविलेच नाही. पेटी उघडून नुसता पाहत बसलो. बोटे जिच्यावर फिरतात ती पट्टी शिसवीची आहे. फेंडरच्या कारखान्यात आरंभी ब्राझीलचे शिसवी लाकूड वापरीत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा भारतीय शिसवीने घेतली. हे झाड आपल्या सह्याद्रीतले. आजीच्या देव्हाऱ्याचे लाकूड सातासमुद्रापलीकडून फिरून घरी आले, असे काहीसे मला वाटले. त्यात भाबडेपणा असेल, नाही असे नाही. मग वाजविले. बोट टेकविले, आणि अंगठा गप्प राहिला. पाऊण तास झाला तरी गप्पच होता. ज्यांचे काही दुखलेले नाही त्यांना या आनंदाचे वजन कसे सांगावे?

आता दुसरी बाजू लपवून चालणार नाही. उत्तम वादन महागड्या वाद्यावरच होते हे खरे नाही. पॉल मॅक्कार्टनी यांनी आपली हॉफ्नर बेस १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना घेतली; स्वस्त होती, आणि आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याच्या हातात ती विचित्र दिसत नसे, एवढ्यासाठी. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन यांनी मोटाउनच्या असंख्य गीतांत जे अमर काम केले ते १९६२ सालच्या एका साध्या प्रिसिजनवर. उजव्या हाताची तर्जनी तेवढी वापरून, आणि तुटल्याखेरीज तारा न बदलता. जाको पास्टोरियस यांनी आपल्या जुन्या जॅझ बेसचे पडदे चक्क उपटून काढले, खाचा बुजविल्या, पट्टीवर नावांना लावतात ते टिकाऊ रोगण चढविले, आणि सतारीच्या मिंडेला जवळचे वाटेल असे काही तीतून काढले. उलट कॅलिफोर्नियातील अलेम्बिक किंवा १९८३ पासून ब्रुकलिनमध्ये चालत आलेली फोडेरा, यांसारख्या कार्यशाळांतून थरावर थर चिकटविलेल्या दांड्यांची वाद्ये मागणीनुसार घडवितात. त्यांच्या किमती ऐकून माझी जॅझ बेस गरीब नातेवाईक वाटू लागते. तेवढ्या पैशात स्वर तेवढ्या पटीने सुधारतो का? माझे मत, नाही. एका मर्यादेपर्यंत पैसा हाताला सुख देतो. त्यापुढे तो डोळ्यांना आणि अभिमानाला सुख देऊ लागतो.

माझ्या वाद्यातही उणीव आहेच. सर्वांत बारीक तारेवर सहाव्या पडद्याशी स्वर लवकर मावळतो. हा या घाटाच्या दांड्यांचा जुना स्वभाव. त्या एका स्वराला दांडी स्वतःच थरथरू लागते आणि तारेची शक्ती गिळून टाकते. मी तो स्वर शक्यतो शेजारच्या जाड तारेवर अकराव्या पडद्याला घेतो. मास्तरांच्या वाद्यातही तसे असेल. दहा मिनिटांत ते कोठून कळणार?

ही माणसे आपापल्या वाद्यांना कशी बांधलेली होती तेही सांगतो. जेमरसन यांची बेस १९८३ साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांत चोरीस गेली. पास्टोरियस यांची १९८६ साली न्यूयॉर्कच्या एका बागेतून गेली. ती वीस वर्षांनी, त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने, पुन्हा उजेडात आली. मॅक्कार्टनी यांची हॉफ्नर १९७२ साली लंडनमध्ये गाडीतून नाहीशी झाली होती. ती एका पोटमाळ्यावर सापडून त्यांना परत मिळाल्याची वार्ता २०२४ सालच्या फेब्रुवारीत आली. ज्याला हवी ती बेस विकत घेणे कधीच कठीण नव्हते, तो मनुष्य त्या तीस पौंडांच्या वाद्याला एकावन्न वर्षे विसरला नव्हता. मी ती बातमी पत्नीला मोठ्याने वाचून दाखविली.

बेळगावचा पावसाळा आता वाद्याने दोनदा पाहिला आहे. जून लागला की दांडी किंचित वाकते. मी सळई पाव फेरा फिरवितो, एक दिवस थांबतो, पुन्हा पाहतो. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसतो. वरच्या मजल्याची गळती अजून आहे. पेटी खालच्या खोलीत असते.

कलकत्त्याचे जुने वाद्य गल्लीतल्या एका मुलाला दिले आहे. त्याची बोटे अजून पोलादी आहेत. परवा तो तक्रार घेऊन आला, "काका, बाराव्या पडद्याला स्वर चढाच लागतो." मी त्याला सांगितले की, घोडीचा स्क्रू फिरवून तारेची टेकण थोडी मागे घेतली, म्हणजे तारेची लांबी वाढून स्वर उतरतो. तो म्हणाला, स्क्रू गंजला आहे, फिरत नाही. ते मला १९९५ पासून माहीत आहे. रविवारी तेलाची बुधली घेऊन ये, म्हटले. दोघे मिळून पाहू.