नाका ओलांडल्यावरची थरथर

दहिसर नाक्याच्या रांगेत ऑटोमॅटिक गाडी मुकाट सरकत असते. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तरी संध्याकाळी नाका तुंबतोच. पुढे काशीमिरा मागे पडतं, फाउंटन हॉटेलचा चौक जातो, वर्सोवा पुलापलीकडे रस्ता मोकळा होतो. काटा सत्तरवर स्थिरावतो आणि पायाखाली थरथर सुरू होते, गाडी रंबलरच्या पट्ट्यांवरून चालल्यासारखी. दोन-चार सेकंदांत थांबते, पुन्हा येते. कुणी म्हणतं मिसिंग मारतेय, कुणी व्हील बॅलन्सिंग करून घेतं, आणि कुणीतरी सांगतंच, "गिअरबॉक्स गेला."

तो निकाल मान्य करण्याआधी टॉर्क कन्व्हर्टर समजून घ्यायला हवा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, क्लचच्या जागी, मेदूवड्याच्या आकाराचा तेलाने भरलेला बंद डबा असतो. आत समोरासमोर पात्यांची दोन चाकं. एक इंजिन फिरवतं, त्याने फेकलेल्या तेलाने दुसरं फिरतं. चालू पंख्यासमोर ठेवलेला बंद पंखा फिरू लागावा तसं. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो आणि सुटताना इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट होतो. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी.

दुसरं चाक मात्र नेहमी थोडं मागे राहतं. तो फरक तेल तापवतो आणि पेट्रोल खातो. म्हणून आत एक घर्षण-प्लेट बसवली. ठरावीक वेगाला कॉम्प्युटर सोलेनॉइड या विजेवर चालणाऱ्या झडपेमार्फत तेलाचा दाब वळवतो, प्लेट चिकटते आणि दोन्ही बाजू एक होऊन फिरतात. हेच लॉकअप. पॅकार्डने ते १९४९ मध्येच गाडीत आणलं होतं, पण त्याचा प्रसार झाला तो सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर. नाक्याच्या गर्दीत लॉकअप लागतच नाही, म्हणून दुखणं हायवेवर उघडं पडतं.

तपासणी साधी आहे, पण ती जाणत्या मेकॅनिकने, मागचा रस्ता मोकळा बघूनच करावी. इंजिन पूर्ण गरम हवं. थंड इंजिनावर कॉम्प्युटर लॉकअप देत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर गिअरबॉक्स निर्दोष असूनही लॉकअप लागायचं राहतं. सत्तरच्या स्थिर वेगात गिअर न बदलता आरपीएम दोन-तीनशेने उतरले, की लॉकअप लागलं. आता अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला फक्त दिवा लागेल इतकाच स्पर्श करायचा. लॉकअप सुटतं, आरपीएम वर चढतात. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉकअपवर जातो; चालूच राहिली तर टायर, अ‍ॅक्सल, माउंटिंग बघा. आरपीएम हललेच नाहीत तर लॉकअप लागतच नसावं. स्कॅनरवर तेव्हा बहुधा पी ०७४१ कोड दिसतो. उलट, लॉकअप सुटतच नसेल तर सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं, क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं.

यात एक चकवा आहे. लॉकअप लागलं की तेलाची गादी जाते आणि खराब प्लग किंवा कॉइलचं मिसिंगही थेट अंगाला जाणवतं. ब्रेकला पाय लावल्यावर तेही दबतं. म्हणून स्कॅनरवर मिसफायरची नोंद पाहिल्याखेरीज निदान करू नये.

खऱ्या लॉकअप-थरथरीत पहिला संशय जातो जुन्या एटीएफवर, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलावर. तेलातले घर्षण सांभाळणारे घटक संपले, की प्लेट धड चिकटत नाही, धड घसरत नाही. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल घाला. एकदा काढून भरल्याने निम्मं जुनं तेल कन्व्हर्टरमध्येच उरतं, म्हणून पुन्हा बदलावं लागू शकतं. तेल काळं, जळक्या वासाचं असेल आणि त्यात कण दिसत असतील, तर मात्र कन्व्हर्टर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

गॅरेजमध्ये जाताना आपली गाडी एएमटी नाही ना, हे आधी पाहा. एएमटी म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा मॅन्युअल गिअरबॉक्स; त्यात कन्व्हर्टर नसतो. आणि गिअरबॉक्स खाली उतरवू देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवा, स्कॅनर जोडा आणि नाक्यापलीकडे एक चक्कर मारून या.