चूर्णापूर्वी दिनचर्या

वैद्यबंधूंनो, कर्जत ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे १०० किमी. लोकलने एका बाजूस सुमारे दोन तास. पहाटेची गाडी गाठणारा रुग्ण मलवेग रोखतो, घाईने घास गिळतो आणि मलावष्टंभासाठी चूर्ण मागतो. खालापूर-खोपोलीतील कारखान्याचा कामगार रात्रपाळीने जागतो. दोघांचीही प्रथम चिकित्सा निदानपरिवर्जन हीच होय.

संथ जीवन म्हणजे आळस नव्हे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात अतिद्रुत भोजनाप्रमाणेच अतिविलंबित भोजनही निषिद्ध मानले आहे. अपेक्षा आहे ती तन्मनस्कतेची. म्हणून प्रवाशाने रात्री अर्धा तास लवकर निजून पहाटे तेवढेच लवकर उठावे. मलप्रवृत्तीस अवसर द्यावा व बसून, मौनाने जेवावे. रात्रिजागरण रूक्षता वाढविते. त्यावर जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी निद्रा घ्यावी, असे वाग्भटाचार्य सांगतात. कामगारास हे सहज साधते.

सारक चूर्ण वारंवार नेणाऱ्यास औषधविक्रेत्यांनी वैद्याकडे धाडावे. विक्री किंचित घटेल, परंतु रुग्णाचा अग्नी व शास्त्रावरील विश्वास दोन्ही टिकतील.