फुंकण्याच्या पलीकडचा दम

सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की श्वासनलिका अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. निदान स्पायरोमेट्रीने होते. रुग्ण नळीत जोराने फुंकतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजले जाते. पण हा आकडा सारखाच असलेल्या दोघांपैकी एक जण बाजारहाट करून येतो, तर दुसऱ्याला आंघोळ करतानाही धाप लागते.

या फरकाचे मूळ बऱ्याचदा पायांत असते. दम लागतो म्हणून रुग्ण चालणे टाळतो. मांड्यांचे स्नायू रोडावतात, त्यांतले चिवट, उशिरा थकणारे तंतू कमी होतात. असे स्नायू थोड्या श्रमातच लॅक्टिक आम्ल सोडू लागतात आणि त्यामुळे श्वास आणखी वाढतो. घाईच्या श्वासात हवा बाहेर पडायला वेळ पुरत नाही, छाती फुगलेलीच राहते. भरीला वजन घटते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. बसल्या जागी फुंकून यातले फारसे काही उमगत नाही.

म्हणून रुग्णाला चालवून पाहतात. ब्रिटनमध्ये १९७६ साली यासाठी १२ मिनिटांची चाचणी वापरली गेली; ती रुग्णांना झेपेना, तेव्हा १९८२ मध्ये ६ मिनिटांची पुढे आली. ३० मीटरच्या सपाट मार्गिकेत रुग्ण आपल्या चालीने फेऱ्या मारतो. मध्ये थांबायची मुभा असते, घड्याळ मात्र चालूच राहते. आधी आणि नंतर रक्तातला ऑक्सिजन, नाडी आणि रुग्णाला जाणवणारी धाप नोंदवतात. नुसत्या शाबासकीनेही अंतर वाढते, म्हणून तपासनिसाने कोणती वाक्ये बोलायची हेही ठरलेले आहे! दोन चाचण्यांत साधारण ३० मीटरचा फरक पडला तर तो महत्त्वाचा मानतात.

२००४ साली बार्तोलोमे सेली आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या मानाने वजन, फुंकण्याचा आकडा, धाप आणि हे अंतर एकत्र करून ० ते १० गुणांचा ‘बोड’ निर्देशांक मांडला. ३५० मीटर किंवा अधिक चालणाऱ्याला अंतरासाठी शून्य गुण, १५० मीटरही न गाठणाऱ्याला तीन. मृत्यूचा धोका या निर्देशांकाने एकट्या स्पायरोमेट्रीपेक्षा चांगला ओळखला.

अडथळा नेमका फुप्फुसांत, हृदयात की पायांत, हे चालण्याच्या अंतरावरून ठरत नाही. त्यासाठी मास्क लावून, वाढत्या भाराची सायकल चालवायला लावून प्रत्येक श्वासातले वायू मोजतात. ही चाचणी खर्चिक आहे आणि मोठ्या रुग्णालयांतच होते. पाय आधी थकत असतील तर व्यायामाला जागा असते. अशा व्यायामाच्या पद्धतशीर कार्यक्रमानंतर, म्हणजे श्वसन-पुनर्वसनानंतर, स्पायरोमेट्रीचा आकडा जवळपास तोच राहतो. चालण्याचे अंतर वाढते आणि धाप कमी होते.