फवारणीचे विष अंगात कसे शिरते

विष म्हटले की ते तोंडावाटे पोटात जावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतांवर जे घडले, त्याने ही समजूत किती अपुरी आहे हे दाखवून दिले. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कीटकनाशकांची फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले, आणि एकट्या त्या जिल्ह्यात २०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही माणसे विष प्यालेली नव्हती. ते त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून आत गेले होते.

फवारणीच्या विषांपैकी एक मोठा वर्ग सेंद्रिय फॉस्फरस संयुगांचा आहे. मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही त्यांतलीच. जर्मन रसायनज्ञ गेरहार्ड श्राडर हा कीटकनाशकांचा शोध घेत असता १९३६ साली याच कुळातला टाबुन हा पदार्थ त्याच्या हाती लागला. तो इतका जहाल निघाला की, पुढे त्याची गणना युद्धातील विषांमध्ये झाली. किड्याच्या आणि माणसाच्या मज्जातंतूंचे काम पुष्कळसे एकाच रीतीने चालते, हे त्यामागील कारण होय.

मज्जातंतूकडून स्नायूला आज्ञा पोचते ती ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याच्या द्वारे. आज्ञा पोचताच हे द्रव्य नाहीसे व्हावे लागते. एरव्ही स्नायू थांबणार कसा? ते काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. निरोप्याने निरोप सांगितला की त्याची तत्काळ बोळवण करणारा हा द्वारपालच म्हणा ना! फॉस्फरसयुक्त विष या द्वारपालालाच जखडून टाकते. मग दाराशी निरोप्यांची दाटी होते आणि शरीराला एकच आज्ञा अखंड मिळत राहते. घाम व लाळ अनावर सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंधूक दिसू लागते, स्नायू फडफडतात, आणि अखेर श्वासोच्छ्वासाचे स्नायूच थकून जातात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. विषाचा अंश शरीरातून पुष्कळदा काही दिवसांत निघून जातो. परंतु निकामी झालेले विकर पूर्ववत भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. सोमवारी फवारणी केली, थोडे डोके दुखले, मंगळवारी बरे वाटले म्हणून पुन्हा पंप पाठीवर घेतला, तर मंगळवारचे विष सोमवारच्या तुटीत भर घालते. विष साचत नसले तरी नुकसान साचते. म्हणूनच आठ-दहा दिवस धडधाकट दिसणारा माणूस तेवढ्याच फवारणीने एके दिवशी कोसळतो, आणि ‘काल तर चांगला होता’ असे म्हणण्याची पाळी घरच्यांवर येते.

विदर्भाला फवारणी काही नवी नव्हती. मग त्याच वर्षी असे का व्हावे? त्या साली पऱ्हाटी ठिकठिकाणी पुरुषभर उंच वाढली होती. कमरेएवढ्या पिकावर फवारा खाली पडतो. डोक्याएवढ्या झाडांच्या ओळींतून चालणाऱ्याच्या तो तोंडावरच येतो. शेंदरी बोंडअळी बीटी वाणांना जुमानीनाशी झाली होती, त्यामुळे फवारण्या वाढल्या आणि दोन-तीन औषधे एकत्र कालविण्याची प्रथाही पडली. (विषाला ‘औषध’ म्हणण्याची आपली सवयही काही कमी घातक नाही.) त्यातच हवा दमट, घामाने ओलावलेल्या कातडीतून विष अधिक सुलभतेने शिरते. यंत्राच्या पंपातून निघणारे तुषार बारीक असतात, ते हवेत रेंगाळतात व श्वासाबरोबर आत जातात.

केरळात १९५८ साली पॅराथिऑन मिसळलेले धान्यपीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. त्याच्या नियमांनुसार डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. तांबडा सर्वांत जहाल. खूण चांगली आहे. पण पुष्कळदा मजुराच्या हाती येते ते पाण्यात कालविलेले विष. डबा दुसऱ्यानेच उघडलेला असतो. शिवाय मजुरी पंपांच्या संख्येवर ठरली असेल, तर अंगावर सांडलेले धुण्यासाठी थांबणे म्हणजे मजुरी बुडविणे.

या विषावर ॲट्रोपीन हा उतारा डॉक्टर देतात. धोतऱ्यातही असतो तोच हा पदार्थ. मात्र घरी धोतरा देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष चढविणे होय. रोगी सावरला असे वाटल्यावरही एक ते चार दिवसांनी त्याच्या मानेचे व श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात, हे श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिले. त्यामुळे लवकर घरी जाण्याची घाई धोक्याची ठरते. शिवाय सगळीच कीटकनाशके या कुळातली नसतात, आणि इतरांपैकी पुष्कळांवर ॲट्रोपीन हा उतारा नव्हे. यवतमाळात मिश्रणे फवारलेली असल्यामुळे नेमके कोणते विष बाधले हे ठरविणे अवघड गेले. म्हणून रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, आणि रुग्णालयात जाताना डबा, रिकामा का होईना, बरोबर न्यावा. ते कपडे धुणाऱ्या घरच्या बाईनेही हातमोजे घालूनच, इतर कपड्यांपासून वेगळे असे ते धुवावेत. कापडात मुरलेले विष ओल्या हातांतूनही आत जाते.