लाकडी घराची वाऱ्याशी गाठ!

‘समुद्राच्या कड्यावर लाकडाचं घर? वाऱ्यानं उडून जाईल की हो!’ कॅलिफोर्नियातल्या ‘सी रँच’चे फोटो मी कुणाला दाखवले, की आमच्या बेळगावात हमखास हेच ऐकायला मिळतं. मराठी घर असो की कन्नड, ‘मरद मने’ म्हटलं की काळजी सारखीच! स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सांगतो, ही भीती अगदीच खोटी नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर, पॅसिफिकच्या खडकाळ किनाऱ्यावर १९६५ साली दहा घरांचा एक समूह उभा राहिला. नाव ‘कॉन्डोमिनियम वन’. चार्ल्स मूर, डॉनलिन लिंडन, विल्यम टर्नबुल आणि रिचर्ड व्हिटेकर हे वास्तुविशारद, तर पॅट्रिक मोरो हे स्ट्रक्चरल इंजिनिअर. डग्लस फरचे जाड चौकोनी खांब, तशाच तुळया आणि बाहेरून रेडवूडच्या उभ्या फळ्या. आपल्या जुन्या वाड्यांतले खांब-तुळई, कन्नडातले कंब-तोले, तेच इथेही. मात्र छपराला बाहेर आलेली वळचण नाही, कारण वारा तिच्याखाली शिरून छप्पर वर उचलू पाहतो. छपरं जमिनीच्या उताराला धरून एकाच बाजूला कललेली, म्हणजे वारा अडण्याऐवजी वरून निघून जातो.

आता थोडा हिशेब. ताशी १४४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण १०० किलो असतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट! छपरावर तो बऱ्याचदा वरच्या दिशेनं ओढतो, कडांना आणि कोपऱ्यांना तर अधिकच. आपल्या पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, त्यामुळे तो स्वतःच्या भारानंच बसून राहतो. दहा सेंटीमीटर जाडीचं लाकडी पॅनेल मात्र जेमतेम ५० किलोचं. म्हणून लाकडी घर पेलायचं कसं, याइतकाच ते खाली धरून कसं ठेवायचं, याचा विचार आम्हाला करावा लागतो.

त्यासाठी छप्पर लांब स्क्रूंनी भिंतीला, भिंत पोलादी पट्ट्या व बोल्टनी काँक्रीटच्या पायाला, आणि गरज पडल्यास पाया खडकात रोवलेल्या सळ्यांनी खडकाला बांधतात. या साखळीतली एक कडी सुटली की बाकीच्या असून नसून सारख्याच. खारी हवा साधं लोखंड खाते, म्हणून उघड्यावरचे जोड स्टेनलेस स्टीलचे. लाकूड जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या फळ्यांमागे हवा खेळती ठेवायची, म्हणजे ओल धरत नाही.

वारा आडवाही ढकलतो. त्यावर १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत विकसित झालेली पॅनेलं उपयोगी पडतात. फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यानं भिंत सहसा तिरकी होत नाही. भूकंपात तर हलकेपणा फायद्याचाच, कारण वजन कमी तेवढा धक्काही कमी. सी रँचच्या अगदी शेजारून सॅन अँड्रियास भूभंगरेषा जाते, हे इथे महत्त्वाचं.

आणि हे सगळं फक्त अमेरिकेपुरतं नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याही किनाऱ्यावर पत्रे नि कौलं उडालीच. कारवार किंवा गोव्याकडे घर बांधणार असाल, तर ‘छप्पर किती भार घेईल?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘ते खाली कशानं बांधलंय?’ हेही मिस्त्रीला आणि इंजिनिअरला विचारा, आणि प्रत्येक जोड डोळ्यांनी बघून घ्या.